न पेरल्याचे पैसे

अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीशी आपले नाते सांगताना आपण १९७२च्या दलित पँथरपासून सुरुवात करतो. नावाचे नाते, बंडाचे नाते, कवितेचे नाते. ते खरेच आहे. परंतु त्या बंडामागची भूक कोणत्या सरकारी खतावणीत पोसली गेली, हे आपल्या समीक्षेने फारसे तपासले नाही.

मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर हा कापसाचा जिल्हा. तेथे नागरी हक्कांचे कट्टर विरोधक सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा हजारो एकरांचा मळा होता. १९६७ साली या मळ्याला सरकारी अनुदानाचे दीड लाख डॉलरहून अधिक मिळाले. कापसाचे भाव पडू नयेत म्हणून मालकाने काही जमीन पडीक ठेवायची आणि सरकारने त्याचे पैसे मोजायचे, अशी ही योजना. न पेरल्याचे पैसे! पण त्या जमिनीवर खुरपणी-वेचणी करणाऱ्याचा रोज बुडाला, त्याचे पैसे कोणी मोजले? यंत्रे आणि तणनाशके आधीच त्याच्या मुळावर आली होती.

याच जिल्ह्यात फॅनी लू हेमर बटईने कापूस पिकवीत. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि त्याच दिवशी मळ्यावरून हाकलल्या गेल्या. अठरा वर्षांचे श्रम एका दिवसात बेदखल. पुढे १९६९ साली त्यांनी 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभारली. ती देणग्यांवर चालली आणि काही वर्षांतच बुडाली.

हा योगायोग म्हणायचा काय? १९३३च्या कायद्यापासूनच पैसा मालकाच्या हाती जाई आणि त्याने कुळाला वाटा द्यावा अशी अपेक्षा असे. मालकांनी वाटा देण्याऐवजी कुळेच काढली. अंमलबजावणी करणाऱ्या जिल्हा समित्या गोऱ्या जमीनदारांच्या. (गावपंचायत आणि सोसायटी कोणाची असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.) ज्यांच्या नावावर जमीन होती, त्या काळ्या शेतकऱ्यांनाही कर्ज मिळेना. त्यांनी १९९७ साली कृषिखात्यावर दावा लावला व १९९९ साली तडजोड झाली. २०२१ साली त्यांच्यासह अन्य वंचित शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा कायदा आला, तेव्हा गोऱ्या शेतकऱ्यांनी न्यायालयातून तो रोखला. २०२२ साली तो रद्दच झाला.

आपल्याकडे २०१८च्या अखेरीस सुरू झालेली पी.एम. किसान योजना वर्षाला ६,००० रुपये देते. कोणाला? ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला. २०११च्या जनगणनेत शेती करणारे ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. म्हणजे मोठी संख्या 'शेतकरी' या शब्दाबाहेरच. आपले ग्रामीण साहित्यही बहुतांशी याच सातबाऱ्यावर उभे आहे. बांधावरच्या मालकाचे दुःख ते जीव ओतून लिहिते. ओळीत वाकलेली बाई मात्र त्याच्या निसर्गवर्णनात जाते.

सनफ्लॉवरच्या मळेवाल्यांना जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मिळत होते, त्याच काळात, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. मागणी पडीक जमिनीचीच होती, कसण्यासाठी. त्यांना तुरुंग मिळाला.