मिथेनवरील इंधन-घटांचे अ‍ॅनोड : एक चिकित्सक आढावा

घन ऑक्साइड इंधन-घटाचा रूढ अ‍ॅनोड निकेल व यिट्रियायुक्त झिर्कोनियाचा असतो. हायड्रोजनसाठी तो उत्तम. परंतु कोरड्या मिथेनचे विघटन होऊन निकेलवर कार्बन साचतो व अ‍ॅनोड निकामी होतो.

यावरील तीन संशोधने विशेष गाजली. १९९९ मध्ये मरे, त्साय व बार्नेट यांनी निकेलला सेरियाची जोड देऊन ६५० अंश सेल्सिअसला प्रति चौरस सेंटीमीटर ०.३७ वॅटपर्यंत शक्ती मिळविली. २००० मध्ये पार्क, वोह्स व गोर्टे यांनी निकेलऐवजी तांबे घेतले. तांब्यावर कार्बन सहसा साचत नाही. मात्र ते १०८५ अंशांना वितळत असल्याने उच्च तापमानात त्याचे कण एकत्र येतात. २००३ मध्ये ताओ व आयर्विन यांनी क्रोमियम-मँगनीजयुक्त पेरोव्स्काइट सुचविले. ते स्थिर आहे, पण त्याची विद्युतवाहकता निकेलपेक्षा पुष्कळ कमी.

मुख्य आक्षेप निकषाचा आहे. हे यश प्रामुख्याने स्वच्छ इंधनावर मोजलेले आहे. हिंडलग्यापासून निपाणीपर्यंत आपल्याला विचार करावयाचा आहे तो गोबर गॅसचा. त्यात मिथेन सुमारे ६० टक्के, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. हे गंधक निकेलला मारक ठरते. २००६ मध्ये गुडइनफ यांच्या गटाने मॉलिब्डेनमयुक्त दुहेरी पेरोव्स्काइट गंधकासह तपासले, हे त्या कामाचे खरे मोल.

म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात शक्तीच्या आकड्याशेजारी वायूचे घटक, तापमान आणि चाचणीचे तास हे तीन रकाने असलेच पाहिजेत. त्यांवाचून कोणताही अ‍ॅनोड श्रेष्ठ ठरविणे शास्त्रीय नव्हे.