शांतता, जेवणासहित

मराठी समीक्षकांनी कवितेवर लिहिलं, कादंबरीवर लिहिलं, उरलेल्या जागेत एकमेकांवर लिहिलं. पण समुद्रकाठच्या अतिथिगृहांच्या माहितीपत्रकाकडे त्यांचं साफ दुर्लक्ष झालं. खरा कल्पनाविलास पाहायचा तर तिथेच! म्हणून हे काम आमच्यावर येऊन पडलं.

प्रस्तुत कृती एकपानी असून अलिबागच्या पुढच्या एका छोट्या 'पर्यावरणस्नेही' अतिथिगृहाची आहे. नाव सांगत नाही. आम्ही दोन रात्री राहून आलो आहोत, तेव्हा मतं सप्रमाण आहेत.

कृतीचा आरंभ 'निसर्गाच्या कुशीत निवांत किनारा' असा आहे. कुशीत डासही असतात, हे कवीने सूचित ठेवलं आहे. सूचकता हाच या शैलीचा प्राण. पंखा नाही असं म्हणायचं नाही. 'समुद्राचा वारा' म्हणायचं. एकच बादली पाणी याला 'जलसंवर्धन', आणि चादर न बदलण्याला 'पृथ्वीचा विचार'. सौ.ने सकाळी गरम पाणी मागितलं, तेव्हा मुलगा नम्रपणे म्हणाला, "उन्हावर तापतं, काकू. आज ढग आहेत." पृथ्वीचा विचार करत आम्ही गार पाण्याने आंघोळ केली.

आमची आजी जन्मभर हेच करत होती. शेणाने सारवलेली जमीन, राखेने घासलेली भांडी, मोरीचं पाणी अळवाला. पण तिला कोणी रात्रीचे साडेचार हजार दिले नाहीत. उलट "आता तरी सुधारा" म्हणून सुनांनी फरशी बसवून घेतली.

परतताना जित्याला एका मित्राकडे थांबलो. दिवा–रोहा मार्गावर आपट्यानंतर जिते, मग हमरापूर, मग पेण. जित्याला समुद्र नाही, त्यामुळे माहितीपत्रकही नाही. भातशेती, रेल्वे आणि आसपास गणपतीचे कारखाने. मित्र मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता, म्हणून मी हळू आवाजात ते पत्रक वाचून दाखवलं. 'पर्यावरणस्नेही' आलं आणि त्याचा ब्रश थांबला.

"हा शब्द आम्हांला फार महाग पडला रे!"

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीची नियमावली काढली. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली. विसर्जनाचा प्रश्न राहिलाच.

"प्लास्टर विरघळत नाही, हे खरंच आहे," मित्र म्हणाला. "तळ्याकाठी गेलं की दिसतं. शाडूला माझी ना नाही. पण शाडू गुजरातहून आणायचा, मूर्ती वाळायला दिवस लागतात, उचलताना कान तुटतो. आणि गिऱ्हाईक म्हणतं, मूर्ती शाडूची हवी, भाव प्लास्टरचा लावा. तुझ्या त्या खोलीत गैरसोय झाली की भाव वाढतो, आमच्याकडे गैरसोय झाली की भाव तोच. हे कसं काय?"

आमच्या समीक्षेत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. चहा घेतला.

पण तेव्हापासून एक कसोटी मिळाली: त्रास कोणाला आणि पैसा कोणाला? या कसोटीला रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास उतरतं. तिथे २००२पासून सह्याद्री निसर्गमित्र आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी राखली. पाहुणे येतात ते गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरच्या बाईच्या हातचं जेवतात. कासवाचं पिल्लू वेळेवर आलं नाही तर कोणी व्यवस्थापकाला बोलवत नाही. अंडी शाबूत राहण्यात गावाचाच फायदा आहे.

आमच्या पत्रकात असलं काही नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात याच किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तेवढ्या काळात वाडीवाल्याने काय खायचं? पत्रकात वाडी आहे, 'हिरवीगार' हे विशेषण आहे, वाडीवाला नाही.

तेव्हा कृती भाषेच्या दृष्टीने समृद्ध, पण पात्रचित्रणात कच्ची, असा आमचा अभिप्राय आहे. दुसरी आवृत्ती काढताना लेखकाने तीन ओळी घालाव्यात: विहीर किती घरांची आहे, मासळी कोणाकडून घेता आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिन्याला काय देता. एवढं छापलं तर बादली एकच असली तरी आमची तक्रार नाही.

गरम पाण्याचं मात्र पाहा. सौ.चा अभिप्राय वेगळा आहे, आणि तो छापण्याजोगा नाही.