पहिल्या दिवसाचे ‘आम्ही’

सायकलप्रवासाची वर्णने मी हावरेपणाने वाचतो आणि बहुतेकांच्या पहिल्याच प्रकरणात लेखकाशी माझा बेबनाव होतो. नारळ फुटलेला असतो, गळ्यात हार पडलेले असतात, शाळेची पोरे वेशीपर्यंत धावत आलेली असतात; आणि पुढच्याच परिच्छेदात ‘आम्ही’ शंभर किलोमीटर तोडून मुक्कामाला पोहोचलेले असतो. मधला दिवस कुठे गेला? गेला तर गेला. पण हे ‘आम्ही’ आले कुठून? सकाळी वेशीवर उभी होती ती दहा-बारा सुटी माणसे. प्रत्येकाची सीट निराळ्या उंचीवर, प्रत्येकाचा दम निराळा. त्यांचे एका सर्वनामात रूपांतर नेमके कोणत्या वळणावर झाले, हे सांगायचे सोडून लेखक सूर्यास्ताकडे वळतो.

हा प्रश्न व्याकरणाचा नाही. चमूने केलेल्या प्रवासाचे वर्णन खरे की खोटे, ते या एका शब्दावरून ओळखता येते असे माझे मत आहे. आणि ते मत ग्रंथालयात बसून झालेले नाही.

काही वर्षांपूर्वी आषाढीच्या तोंडावर युसूफ वडगावहून पंढरपूरला सायकलींवर निघालेल्या तेरा जणांत मीही होतो. केज तालुक्यातल्या या गावाला दिंड्यांचे नवल नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीच परळी-अंबाजोगाईवरून पुढे जाते. सायकलींचे मात्र नवल होते. पहिल्या दिवशी कळंब, येरमाळा करीत रात्री बार्शी गाठायची होती. ज्येष्ठ-आषाढात या भागात वारा वाहतो तो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून. आणि पंढरपूर आम्हाला नैऋत्येलाच. म्हणजे विठोबा समोर आणि वाराही समोर. काळ्या रानातून आडवाटेने काढलेल्या एका ‘जवळच्या’ रस्त्यावर चिखल मडगार्डात असा ठासून बसला की चाके हाताने मोकळी करावी लागली. पहिल्या दोन तासांतच आमचे तीन तुकडे झाले. शेवटच्या तुकड्यात मी, एक शिंपी आणि एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. मामाची सायकल मागून आणलेला.

कळंबच्या अलीकडे, मांजरेच्या पुलाजवळ त्या मुलाचे फ्रीव्हील गेले. पायडल गरगरे आणि चाक ढिम्म. ढकलत कळंबला आलो. पुढचे दहा जण तिथे चहा संपवून बसलेले होते. सायकलवाला म्हणाला, तासाभराचे काम आहे. तास फार नव्हता. पण बार्शीत आमचे स्वागत ठरलेले होते, कुणी तरी फोटो काढणार होते. कुणी स्पष्ट काही बोलले नाही. मग तो मुलगाच म्हणाला, ‘तुम्ही व्हा पुढं, मी गाठतो.’ आम्ही निघालो. तो आला नाही; दुपारी घरी परतला, असे मागाहून कळले.

इथवर हा सामान्य प्रसंग आहे. पण कळंबच्या पुढे एक गोष्ट घडली. आम्ही बाराही जण एका ओळीत चालवू लागलो. वारा अंगावर घेणारा पुढचा गडी दर थोड्या वेळाने बदलू लागला, कुणी गाणे धरले. सकाळी जे जमले नव्हते ते एकाएकी जमले. एकाला मागे टाकून आलो होतो आणि त्या भाराने किंवा तो भार उतरल्याने आम्ही ‘आम्ही’ झालो होतो. दोहोंपैकी नेमके काय, हे अजून मला ठरवता आलेले नाही.

आमच्यातल्याच एका शिक्षकाने पुढे या प्रवासाचे वर्णन लिहिले. ते एका दिवाळी अंकात छापूनही आले. लेख वाईट नाही. चिखल काढताना बोटांच्या नखांत बसलेली माती रात्री जेवताना दिसली, असे एक वाक्य त्यात आहे आणि ते मला लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पण कळंबचा चहा एका ओळीत उरकला आहे. ‘आम्ही बाराजण’ हा शब्दप्रयोग पहिल्या वाक्यापासून सुरू होतो. म्हणजे लेखकाने शेवटची बेरीज सुरुवातीला नेऊन ठेवली. कथेत ही युक्ती चालेल. प्रवासवर्णनात ती हिशेबातली खाडाखोड ठरते.

हा दोष त्यांच्या एकट्याचा नाही, तो या वाङ्मयप्रकाराच्या अंगचाच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. १९२८च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा. त्यांच्या इंग्रजी ग्रंथावर लेखक म्हणून नावे याच तिघांची. पराक्रम अचाट, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे ‘आम्ही’ तिघांचे आणि मुंबई सोडणारे ‘आम्ही’ सहांचे. मी असले पुस्तक हातात घेतो तेव्हा आधी ही वजाबाकी करतो आणि मग वाचायला लागतो. डर्व्हला मर्फी १९६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात डंकर्कहून सायकलवर दिल्लीकडे निघाली, पण ती एकटी. तिला ही वजाबाकी पडलीच नाही. ‘मी’ हे सर्वनाम त्या मानाने फार सुखी. उलट जेरोम के. जेरोम याने १९००मध्ये तीन मित्रांचा जर्मनीतला सायकलप्रवास लिहिला. त्यात तिघांचे एकमत म्हणून होत नाही आणि सारे पुस्तक त्या बेबनावावर उभे आहे. विनोदी लेखकाला जे साधले ते गंभीर लेखकांना का साधू नये? विनोदी लेखकाला स्वागतसमितीची भीड नसते, एवढेच कारण मला दिसते.

आपल्याकडे या पहिल्या दिवसाचा विचार करणारी एक जुनी रीत मात्र आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान होते आणि त्या दिवशीचा मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात असतो. दुसऱ्या दिवशी अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. तीही पहिली रात्र आळंदीतच, आजोळघरी काढते. म्हणजे निघायचे, पण गाव सोडायचे नाही. मला ही केवळ रूढी वाटत नाही. पहिला दिवस अंतर कापण्यासाठी नसतो, कोण आले आणि कोण यायचे आहे हे पाहण्यासाठी असतो, अशी त्यामागची समजूत असावी. रथाच्या पुढे कोणती दिंडी आणि मागे कोणती याचे क्रमांक ठरलेले असतात ते उगीच नव्हेत. आम्ही त्याच पंढरीला निघालो होतो आणि पहिल्याच दिवशी आम्हाला बार्शी हवी होती.

बाबा आमट्यांनी २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलेली ‘भारत जोडो’ सायकलयात्रा या संदर्भात आठवते. शंभरावर तरुण सायकलींवर होते आणि ज्याच्या हाकेने ते आले होते तो सत्तरी ओलांडलेला माणूस पाठीच्या दुखण्यामुळे सायकलवर बसूच शकत नव्हता. तो गाडीतून चालला होता. पायडल न मारणारा तो माणूस त्या चमूच्या ‘आम्ही’त निर्विवाद होता. मग आमच्या तेरातला पहिले तीन-चार तास वाऱ्याविरुद्ध पायडल मारलेला मुलगा का नसावा?

शिक्षकांना मी हे बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘सर, त्याचं नाव घातलं असतं तर आपण त्याला सोडून आलो हेही घालावं लागलं असतं.’ त्यांना माझी सगळी टीका माझ्या आधी सुचली होती, हे मला तेव्हा कळले. त्यांनी लिहिले नाही ते न सुचल्याने नव्हे. मीही त्यांना विचारले नाही की कळंबला तुम्ही गप्प का बसलात; कारण मीही गप्पच होतो, आणि सर्वांत मागे असल्यामुळे दुसऱ्या कुणावर तरी थांबायची पाळी आली याचे मला त्या क्षणी बरेच वाटले होते.

लेखासोबत निघतानाचा फोटो छापला आहे. युसूफ वडगावची वेस, हार, कपाळावर गंध. खाली ‘आमचा बाराजणांचा चमू’ अशी ओळ आहे. उजव्या कडेला, मामाच्या सायकलची दांडी धरून तो मुलगा उभा आहे. त्याच्यासकट डोकी तेरा भरतात; मी दोनदा मोजली.