गीत कोणाच्या तोंडी बसतं?

ख्रिस्ती माणसाने कोणतं संगीत निवडावं, हा प्रश्न निघाला की आपण तो लगेच वाद्यांवर नेतो. तबला चालेल का, ड्रमसेट चालेल का, पेटी की कीबोर्ड. आमच्याच मंडळीत नाताळाआधी यावर तीन बैठका झाल्या. ठरलं एवढंच, की आवाज जरा कमी ठेवावा.

वाद्यांवर भांडून फारसं हाती लागत नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा यांना मनाई केली. झांजा तर स्तोत्र १५० मध्येच वाजताहेत! पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखला, पण उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडलं. म्हणजे साठ वर्षांत नियम सैल झाला. मग नुसत्या नियमावर आपली निवड कशी उभी राहणार?

गोव्याची गोष्ट तर अधिकच बोचणारी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, ते मराठी ओवीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या कानाला ओवी घरची होती, आणि स्टीफन्स यांनी ते ओळखलं होतं. पुढे त्याच गोव्यात इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नात ओव्या गायला बंदी घातली. जिच्यातून ख्रिस्ताची कथा सांगितली, तीच ओवी लग्नघरी गुन्हा ठरली. ‘हे आपल्या विश्वासाचं संगीत नाही’ असं ठासून म्हणण्याआधी आपण हे आठवलेलं बरं.

आपल्याकडे कसोटी लावायचीच तर नारायण वामन टिळकांपाशी लावावी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी अभंग, भजन, ओवी यांतलं काही टाकून दिलं नाही. त्यांचं भजन पेटी नसली तरी चालतं, कारण चाल शब्दातूनच उगवते. ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे पडतात, न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी दुसऱ्या खेपेला बसतात.

आता आपण आज पडद्यावर काय वाचून गातो ते पाहू. पुष्कळ गीतं इंग्रजी चालीत कोंबलेली. चाल बदलायची नाही, म्हणून मराठीच वाकवायची. ‘न विसरू’ यातला ‘न’ श्वासाआधी येतो आणि ‘विसरू’ श्वासानंतर. नवख्याला वाटेल, आम्ही देवाला विसरायचा ठराव करतोय. (हसू नका, आम्ही हे चार रविवार गायलो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.) पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, आत्म्याबरोबर बुद्धीनेही गाण्याची गोष्ट काढली आहे. अर्थ न कळता नुसता आवाज चढला तर निम्मं गाणं बाहेरच राहिलं.

याचा अर्थ जुनं ते पवित्र असा नाही. सिनेमाच्या चालीवर बेतलेली भजनंही आपण सहन केली आहेत. त्यात प्रभूपेक्षा नायिकाच आधी आठवते. उलट तरुण संघाची काही नवी गीतं खरोखर चांगली आहेत, साधी, श्वास पुरेल एवढ्या ओळींची. वय पाहून निवडू नये. गायक थांबला तर मंडळी पुढे गाऊ शकते का, हे पाहावं.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका आजीबाईंना कबरस्तानात पोहोचवायला गेलो. तिथे ना वीज, ना पडदा, ना कीबोर्ड. पाळकांनी गीत सुरू करा म्हटलं. पोरांना शेकडो गीतं येत होती, पण मोबाईलशिवाय एकाचंही दुसरं कडवं आठवेना. शेवटी आजीबाईंच्या धाकट्या बहिणीने, थरथरत्या आवाजात, टिळकांचं एक भजन धरलं. पहिल्या कडव्याला सगळे होते. तिसऱ्याला म्हातारी माणसंच उरली. पोरं छत्र्या धरून उभी होती, ओठ हलवत, शब्द शोधत. त्यांतला एक जण पुढच्या रविवारी आमच्याकडे त्या भजनाची वही मागायला आला.