माउस : न भोगलेल्या दुःखाचा वारसा

आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ या चित्ररूप ग्रंथाचे दोन खंड १९८६ व १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार लाभला. ज्यूंना उंदीर आणि जर्मनांना मांजर म्हणून रेखाटणारा हा ग्रंथ नाझी छळाची कहाणी म्हणून ओळखला जातो. तथापि त्याचा खरा विषय त्या छळानंतरचे घर हा आहे.

लेखकाचे आईवडील, आन्या व व्लादेक, पोलंडमधील ज्यू होते. आउशवित्झमधून वाचल्यावर ते स्वीडनमार्गे न्यूयॉर्कला स्थायिक झाले. ग्रंथाच्या आरंभीच लहानगा आर्ट सवंगडी टाकून गेले म्हणून रडत घरी येतो. वडील त्याची समजूत घालीत नाहीत. आठवडाभर अन्नावाचून एका खोलीत कोंडून घ्या, मग मित्र म्हणजे काय ते कळेल, असे सुनावतात. वारसा असा रोजच्या बोलण्यावागण्यातून उतरतो. व्लादेक रस्त्यावरची तार उचलून ठेवतात, अर्धवट संपलेले खाद्यपदार्थ दुकानात परत करतात. ज्या काटेकोरपणाने छावणीत जीव तगवला, तोच पुढे मुलाला जाच होतो.

युद्धकाळात दगावलेल्या थोरल्या भावाची, रिश्यूची, तसबीर आईवडिलांच्या खोलीत असे. तसबीर कधी हट्ट करीत नाही, चुकत नाही. तिच्याशी बरोबरी करणे धाकट्याला कसे साधावे? १९६८ साली आईने आत्महत्या केली आणि तिच्या वह्या वडिलांनी जाळल्या. त्यामुळे आईची कहाणी वडिलांच्याच तोंडून येते. ही या ग्रंथातील मोठी उणीव आहे. परंतु लेखक ती कल्पनेने भरून काढीत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

दुःखाने माणूस उदात्त होतो, ही समजूतही येथे टिकत नाही. वंशद्वेषाने होरपळलेले व्लादेक एका कृष्णवर्णीय वाटसरूला मोटारीत घेतल्यावरून संतापतात आणि लेखक ते झाकून ठेवीत नाही.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदली असली, तरी त्या स्थलांतराची या संहाराशी तुलना करणे अनुचित होय. घेण्यासारखी आहे ती मुलाची चिकाटी. ध्वनिमुद्रक घेऊन तो वडिलांना विचारीत राहिला. १९८२ साली ते वारले. वडीलधाऱ्यांचे मौन वा विक्षिप्तपणा यांचे मूळ त्यांच्या हयातीतच विचारून घ्यावे लागते. विचारल्याने जखम भरतेच असे मात्र नाही. अखेरच्या पानावर थकलेले वडील आर्टला हाक मारतात, ती रिश्यू म्हणून.