सवलत की वजाबाकी? : विशेष गरजा आणि भाषांचा अभ्यासक्रम

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाची चर्चा आपल्याकडे बहुधा शिक्षणशास्त्राच्या कक्षेत होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे का वळावे, याचे उत्तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये सापडते. अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीतील फेरबदलांची उदाहरणे देताना हे कलम जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी एकाच ओळीत मांडते. पहिल्या दोन तरतुदी विषयापर्यंत जाण्याची वाट सुकर करतात. तिसरी विषयच काढून घेते. हा भेद त्या वाक्यरचनेत लोपतो.

शिवाय ही सूट सर्वांना सारखी लागू पडत नाही. सांकेतिक भाषेत वाढलेल्या कर्णबधिर मुलाच्या दृष्टीने छापील मराठी हीच दुसरी भाषा होय. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठीचा हस्तानुवाद नव्हे. अशा मुलावर आणखी भाषांचा भार न टाकणे न्याय्य ठरू शकते. मात्र त्याची पहिली भाषा अभ्यासक्रमात भाषा म्हणून गणली जावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाने २०२१ मध्ये माध्यमिक स्तरावर हा विषय आणला, त्याचे महत्त्व यात आहे.

अंध विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलट आहे. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान ध्वनींना बहुतांशी एकच बिंदुरचना आहे. डोळस मराठी मुलाला बंगाली वा कन्नड वाचण्यासाठी नवी लिपी गिरवावी लागते. बोटांनी वाचणाऱ्या मुलाला ‘क’ सर्वत्र तोच भेटतो. भारतीय साहित्यांच्या तौलनिक वाचनासाठी याहून अनुकूल लिपी कोणती? त्यालाच भाषांतून सूट देणे हा विपर्यास होय.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा मुख्य अडथळा अक्षर व ध्वनी यांच्या जुळणीत असतो. ऐकून अर्थ लावण्यात तो तितका नसतो. ओवी, भारूड, कीर्तन यांच्या श्रवणपरंपरेत वाढलेल्या साहित्याला श्राव्य पाठ आणि तोंडी परीक्षा परक्या नाहीत.

परीक्षेच्या धास्तीत असलेल्या कुटुंबाला सूट दिलासा देते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ब्रेल पुस्तक, श्राव्य पाठ वा प्रशिक्षित शिक्षक उपलब्ध नसताना घेतलेल्या सुटीला निवड म्हणता येत नाही. तिथे संस्थेची उणीव विद्यार्थ्याच्या नावावर चढते. म्हणून अभ्यासक्रमाने आधी पर्यायी वाट उपलब्ध करावी आणि सूट त्यानंतर, गरजेनुसार द्यावी. बहुभाषिकता हा भारतीय साहित्यविचाराचा पाया मानणाऱ्या आपल्या विद्याशाखेने हा आग्रह धरला नाही, तर तिचा भावी वाचक शाळेतच वगळला जाईल.