मधाचे बोट आणि सुश्रुताचे कारण

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाला विचारून पाहावे : धाकटे भावंड जन्मले तेव्हा त्याच्या तोंडात पहिले काय गेले ? घर मराठी असो, तेलुगू असो वा कन्नड, काही मुले तरी 'मध' असे सांगतील.

या प्रथेचे पहिले समर्थन 'ग्रंथातच तसे आहे' हे. मग ग्रंथच उघडू या. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्या दिवशी मध-तूप देण्यास सांगितले आहे, पण कारणही दिले आहे : आईला दूध तीन-चार रात्रींनंतर येते. त्या काळी हा तर्क सुसंगत होता. परंतु बाळाला पुरेल इतका चीक पहिल्या तासापासूनच मिळतो, हे आज आपल्याला माहीत आहे. समर्थक उपाय तेवढा सांगतात आणि कारण गाळतात. आक्षेप आहे तो याला.

दुसरे समर्थन : 'अस्सल मध नासत नाही.' हे खरे आहे. मधात पाणी कमी आणि आम्लता पुरेशी, म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. पण न वाढणे म्हणजे नसणे नव्हे. २०२२ मध्ये 'मधाचे गाव' ठरलेल्या मांघरचा मध घेतला तरी त्यात 'क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम'चे बीजाणू सुप्त असू शकतात. ते साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यातील जंतूंची वस्ती त्यांना रुजू देत नाही. तान्ह्या बाळात ती वस्ती पुरती बसलेली नसते. तेथे बीजाणू रुजून विष तयार करतात. हे विष चेतातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. आधी बहुधा बद्धकोष्ठ होते. मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, पापण्या जड होतात, मान सैल पडते. श्वासही थांबू शकतो. अशी लक्षणे दिसताच बाळाला रुग्णालयात न्यावे. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. मातीतून व धुळीतूनही तो होतो. पण धूळ पूर्णपणे टाळता येत नाही, मध मात्र टाळता येतो.

तिसरे समर्थन : 'आम्हांला दिला, काय झाले ?' आजार विरळ आहे, म्हणून बहुतेक घरांत काही झाले नाही. मात्र 'आमच्याकडे झाले नाही' यावरून 'होतच नाही' असे सिद्ध होत नाही. पुराव्याचा हा धडा वर्गात जरूर घ्यावा.

नियम सोपा आहे : सहा महिने फक्त आईचे दूध, आणि वर्ष पुरे होईपर्यंत मधाचे बोटही नको, गुटी उगाळतानासुद्धा नको.